चपला इथं, मग आजोबा कुठं?

"बंद? मग आजोबा कुठंयत?"

ऋग्वेदानं जुन्या कोर्टाचं दार गदागदा हलवलं. फ्लॅट बुशमधल्या घरून समुद्रकाठच्या टौरंगाला सुट्टीसाठी निघाल्यावर वाटेत हे शंभरी ओलांडलेलं, आता लोकांना बघायला खुलं असलेलं कोर्ट दिसलं आणि दत्तूआजोबा हट्टालाच पेटले, "मी बघणार!" आई त्यांना दारात सोडून पेट्रोल भरायला गेली. ऋग्वेदा, तिचा धाकटा भाऊ चिराग आणि मैत्रीण सुखदा समोरच्या डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, आइस्क्रीम आणायला पळाले. परत येतात तो दाराला कुलूप!

आजोबांना दमा होता. त्यांचा पंप आणि फोन, दोन्ही ऋग्वेदाच्या बॅगेत!

कोर्टाचा केअरटेकर घरी जायला गाडीत बसत होता.

"आत कोणी नाही," तो म्हणाला. "लाकडी जमिनीला नवं पॉलिश केलंय, म्हणून सगळे दारात बूट काढतात. दारात बूट नाहीत, म्हणजे आत माणूस नाही. जवळच्या बीचवर गेले असतील. रिलॅक्स!"

"इकडे या!" सुखदा किंचाळली. पायरीजवळच्या झुडपात आजोबांची चप्पल होती. एकच!

"समवन टुक हिम!" चिराग रडायलाच लागला.

तेवढ्यात ऋग्वेदाला साताऱ्याचं देऊळ आठवलं. तिथं आजोबा एक चप्पल एका कोपऱ्यात, दुसरी भलतीकडेच लपवायचे. जोडी मिळाली नाही, तर चोर नेईल कशाला!

"दुसरीपण इथंच असणार. शोधा!"

ती खांबामागे सापडली. खांब चांगला दगडी दिसत होता, पण ऋग्वेदाचं कोपर आपटलं तर आवाज पोकळ! लाकूडच ते. भूकंपाच्या या देशात दगड कोसळतात, म्हणून लाकडालाच दगडाचा तोरा!

आणि त्याला उत्तर द्यावं तसा जमिनीखालून आवाज आला. ठक... ठक...

तिघं एकमेकांना बिलगली.

"घोस्ट!" चिराग पुटपुटला.

"आजोबा आहेत ते!" ऋग्वेदा म्हणाली. शाळेच्या सहलीत तिनं असं कोर्ट पाहिलं होतं. आरोपीच्या पिंजऱ्यातून जिना थेट खालच्या कोठडीत उतरतो. आणि कोठडीचं दार लागलं, तर ते आतून उघडायला कडीच नसते!

"जुनं लाकूड आहे, वाजतं," म्हणत केअरटेकरनं गाडी सुरू केली.

ऋग्वेदानं दोन्ही चपला दारात नीट मांडल्या आणि ती गाडीसमोर उभी राहिली.

"तुमचाच नियम! दारात चपला आहेत, म्हणजे आत माणूस आहे. उघडा!"

केअरटेकरनं चपलांकडे पाहिलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो किल्ल्या घेऊन धावला.

कोठडीच्या अंधारात आजोबा भिंतीला टेकून बसले होते. काठी हातात, ओठ निळसर, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ऋग्वेदानं पंप त्यांच्या तोंडाला लावला. एकदा. पुन्हा एकदा. हळूहळू श्वास जागेवर आला.

तोवर आई धावत आली. ती नर्स होती. आजोबांची नाडी बघताना तिचे डोळे भरून आले. "शाब्बास, पोरांनो! आज तुम्ही होतात म्हणून!"

"खरंच शूर आहात," केअरटेकर मान खाली घालून म्हणाला. "चूक माझी. यापुढे नुसते बूट बघून नाही, प्रत्येक खोली बघूनच कुलूप लावीन."

आजोबांच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

"माझ्या चपला... आहेत ना गं?"

ऋग्वेदाला रडू आणि हसू एकदमच आलं. "आहेत, आजोबा. दोन्ही शेजारी-शेजारी!"