कागदावर न मावणारा हिरवा

पाणी तपासायची पट्टी एकच होती, पाणीही एकच, वस्तीच्या हातपंपाचं. पंपाला टांगलेलं छापील कार्ड म्हणत होतं, प्या. शाळेच्या पडद्यावरचं तेच कार्ड म्हणत होतं, पिऊ नका. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि उन्नतीला ते आजच शोधायचं होतं. कारण पाणी काही थांबत नाही, रोज पोटात जातं.

टेंभुर्डोहच्या खडकातून पाण्यात फ्लोराइड (एक क्षार, थोडा असला तर दातांना बरा, जास्त झाला तर दात आणि हाडं बिघडवतो) उतरत होतं. उन्नतीच्या धाकट्या भावाचे, सुगतचे, दुधाचे दात पडून पुढचे दोन नवे आले होते, तेही तपकिरी डाग घेऊन. बाकीचे अजून हिरडीच्या आत घडत होते. ते कसे निघतील, हे या पंपावर ठरणार होतं.

तालुक्याने गावोगाव नवी पट्टी दिली होती. पाण्यात बुडवली की हिरवी व्हायची. फ्लोराइड जितकं जास्त, तितका हिरवा झगझगीत. कार्डावर पाच हिरवे चौकोन. वरच्या तिघांपुढे ‘प्या’, चौथ्यापुढे ‘जपून’, पाचव्यापुढे ‘पिऊ नका’. खाली सूचना होती: वरून खाली बघा, पहिला जुळेल तिथे थांबा.

लोक तिसऱ्यावर थांबत होते. पट्टी जरा जास्तच चमकते, असं कुणी म्हटलंच तर दुसरा म्हणायचा, “कागद आहे तो, थोडा फिका असणारच.” आणि हंडा भरायचा.

उन्नती पट्टी आणि कार्ड घेऊन ग्रामपंचायतीच्या छपाई खोलीत गेली. तिचे आजोबा, आबाजी, शाईच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन आता तिथे बसत. सोबतीला ठिपक्या नावाचा छापणारा यंत्रमानव. दोघांचं दिवसभर भांडण.

“कार्ड तू छापलंस?” तिने ठिपक्याला विचारलं.

“फाइल आली तशी छापली. मी काही रंग खात नाही.”

“खातोस,” आबाजी म्हणाले. “तुझं कामच ते आहे. ये गं, भिंगातून बघ.”

त्यांनी भिंग आधी खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर, तिथे उघडलेल्या त्याच कार्डावर धरलं. हिरव्या चौकोनात बारीक दिवे दिसले. त्यांच्यात लाल आणि निळेही होते, पण इथे जळत होते फक्त हिरवे.

“पडदा मुळात काळा. तो लाल, हिरवा, निळा असा उजेड टाकत जातो. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा. आता कागद बघ.”

कागदावर दिवे नव्हते. आकाशी आणि पिवळे ठिपके होते.

“हिरवी शाईच नाही?”

“नाही. आकाशी, राणी, पिवळी आणि काळी, एवढ्याच चार. कागद मुळात पांढरा, सगळा उजेड परत फेकणारा. शाई त्यातला थोडा खाते. आकाशी शाई लाल उजेड खाते, पिवळी निळा खाते. उरतो काय?”

“हिरवा.”

“बरोबर. पण शाया हावऱ्या असतात. जाता जाता हिरव्यालाही तोंड मारतात. म्हणून छापलेला हिरवा पडद्याइतका झगझगीत होत नाही. प्रत्येकाची एक रंगकक्षा (जितके रंग दाखवता येतात तेवढा आवाका) असते. पडद्याची हिरव्यात मोठी, छपाईची लहान.”

“मग मोठ्यातला रंग लहानात आला कसा?”

“बुटक्या दारातून उंच माणसं येतात तसा,” ठिपक्या म्हणाला. “वाकून. सॉफ्टवेअर रूपांतर करताना न बसणाऱ्या रंगाला जवळचा बसणारा रंग देतं. तिसरा चौकोन सरळ आत आला. चौथा वाकला. पाचवा आणखी वाकला.”

उन्नतीने कार्ड खिडकीत धरलं. खालचे तीनही चौकोन सारखे होते.

“आत आल्यावर तिघांची उंची एकच,” ती हळू म्हणाली. “आणि आपण त्यातल्या पहिल्यावरच थांबतो. तुला हे कळलं नाही?”

“कळलं होतं. सूचना पाठवली होती, काही रंग छपाईत बसत नाहीत, पुढे जायचं का. तालुक्याच्या साहेबांनी ‘हो’ दाबलं.”

न वाचता दाबलं. तसं सगळेच दाबतात, तुम्हीही दाबत असाल. पण सगळ्यांच्या बटणाखाली पोरांचे दात नसतात. नमुना छापून एकदा पट्टीशेजारी धरला असता तर चूक दिसली असती. तेवढंही कुणी केलं नाही.

“चमकणारी पाचवी शाई मिळते,” आबाजी म्हणाले. “पण उन्हात टांगलं की तिची चमक उतरते. मग हेच रडगाणं.”

उन्नतीने कार्डाच्या खालच्या दोन चौकोनांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “कागदाला जमत नाही ते त्याच्याकडून मागायचंच कशाला? चौथा, पाचवा काढून टाका. फक्त प्यायच्या पाण्याचे तीन ठेवा. आणि खाली लिहा, पट्टी या सगळ्यांपेक्षा झगझगीत दिसली तर पाणी पिऊ नका.”

ठिपक्याचा पंखा क्षणभर थांबला. “म्हणजे कार्डावर जे नाही, तेच वाचायचं.”

“हो.”

“पोरीला तुझ्या जागेवर बसवतो,” आबाजी ठिपक्याला म्हणाले.

“बसवा. पण छापताना कागद अडकला की मला हाक मारू नका.”

नमुना निघाला. या वेळी तिघांनी तो उन्हात नेला, सावलीत नेला, पट्टीशेजारी धरला आणि मगच बाकीची कार्डं छापली. तालुक्याला आबाजींनी दोनच ओळी धाडल्या: जुनी कार्डं आजच उतरवा. नवीन सोबत आहे. ठिपक्याने स्वतःची सूचनाही बदलली. आता तो विचारतो, “हे रंग बसत नाहीत. यांच्यावर कुणाचं काय अवलंबून आहे?” उत्तर लिहिल्याशिवाय यंत्र हलत नाही.

संध्याकाळी पंपावर सुगतनेच पट्टी बुडवली. कार्डावर वरून खाली फिरवली. पुन्हा फिरवली.

“ताई, हा हिरवा यात नाहीच.”

“मग?”

त्याने हातातला पेला उलटा केला. दोघं कळशी घेऊन शाळेतल्या, फ्लोराइड काढणाऱ्या गाळणीच्या नळाकडे निघाले. वाट लांब होती. सुगत चालता चालता जिभेने एक हलणारा दात ढकलत होता, खालचा नवा दात जागा घेऊन तयार आहे का, ते बघत.