ज्याचं नाव कुणी विचारलं नाही

तुम्ही विचारता आहात म्हणून सांगतो. एरवी या प्रकरणाबद्दल मी घरीसुद्धा बोलत नाही.

आर्थिक गुन्ह्यांच्या तपासात माझी उभी हयात गेली. चोराचा मला कधी राग आला नाही. चोर निदान पळतो तरी. चीड येते ती चोरीला तत्त्वज्ञानाचा सदरा घालून मिरवणाऱ्यांची. मिक्सरवाला त्यातलाच. हे नाव आमच्या कचेरीनं ठेवलेलं. आभासी चलनाचा व्यवहार तसा उघड्यावर असतो, कुणालाही बघता येतो. दिसत नाही तो त्यामागचा माणूस. पण चिकाटीनं माग काढला, तर तोही कधीतरी सापडतो. म्हणून या गृहस्थानं इंटरनेटवर एक हौद काढला होता. लोकांनी आपली नाणी त्यात सोडायची, यानं ती ढवळायची, आणि कुणाची कुठली हे ब्रह्मदेवाच्या बापालाही कळणार नाही अशी परत द्यायची. वर आपली दलाली कापून घ्यायची. याला तो खासगीपणाचा हक्क म्हणायचा. काळा टी-शर्ट घालून व्याख्यानं झोडायचा. ‘आम्ही नाव विचारत नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, जणू पाणपोईच घातलीय.

आणि आमचं सरकार? त्यांनी समिती नेमली होती. या चलनाला पैसा म्हणायचं, मालमत्ता म्हणायचं की माल, यावर वर्षानुवर्षं त्या विद्वानांचा चहा निवत होता. जे काय आहे हेच ठरलेलं नाही, त्याबद्दल आम्ही पकडणार कुणाला?

मग कुणीतरी कुठूनतरी एका इस्पितळाचे संगणक कुलूपबंद केले. खंडणी याच चलनात मागितली, दिली गेली, आणि हौदात बुडाली. यंत्रणा पुन्हा सुरू होईपर्यंत एका वॉर्डातले तिघे दगावले होते. कुणाचा प्राणवायू उतरतोय ते सांगणारे पडदेच काळे पडले होते. त्यानंतर मात्र समितीला आठवड्यात शब्द सापडला, आणि आमच्या हातात अटकेचा हुकूम पडला.

मी आणि आमच्या विभागातली संगणकवाली, जिला सगळे ताई म्हणतात, दुपारीच त्याच्या घरी गेलो. रस्ता उन्हानं भाजत होता. दार त्याच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. तिच्या हातात ओलं फडकं होतं.

“या. जरा वास येईल,” ती म्हणाली. “रोज पुसते, पण जात नाही.”

फिनाईल, स्पिरिट, आणि त्याखाली खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा आंबट वास. एवढा भारी संगमरवर, आणि वास जनरल वॉर्डचा. पडदे ओढलेले होते. मिक्सरवाला भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. टी-शर्ट तोच, काळा. आतला माणूस निम्मा झालेला. समोरचे सगळे संगणक बंद.

“काय, संपली का क्रांती?” मी विचारलं.

“हौद मीच बंद केला, साहेब. मला घेऊन चला.”

“त्यासाठीच आलोय. आधी सांग, खंडणी घेतली कुणी?”

“नाही माहीत.” तो खाली बघत म्हणाला. “तेच तर विकत होतो मी.”

एवढं खरं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल. मी ताईला यंत्रं गुंडाळायची खूण केली. तेवढ्यात तो आवाज उतरवून म्हणाला, “तिघे होते ना साहेब... दोघं गेले इथून. त्यांची नावं बातमीत आली होती. मी एकेकाला नावानं हाक मारली, चुकलो म्हटलं. गेले. पण तिसरा...”

ताई माझ्या कानाशी आली. “तिसरा बेवारस होता, सर. अपघातात सापडलेला, रस्त्यावरून आणलेला. इस्पितळात ‘अनोळखी पुरुष’ एवढीच नोंद आहे.”

“त्याला काय म्हणून हाक मारू?” मिक्सरवाल्यानं विचारलं.

मला हसू आलं. “नाव न विचारण्याचा केवढा तोरा होता तुझा. आता का अडलं?”

तेव्हा आतल्या खोलीतून तो आवाज आला. नळीतून हवा ओढल्यासारखा. सावकाश. मग थांबला. मग पुन्हा...

“आत कोण आहे?” मी बहिणीला विचारलं.

“कोणी नाही. खाट आहे नुसती. मी चादर बदलते रोज.”

“कोणी नाही, तर चादर कशाला बदलता?”

“मळते,” ती म्हणाली.

मी आत गेलो. हो, गेलो; असल्या नाटकांना भीक घालणारा मी नव्हे. खाट रिकामी होती. उशीला मधोमध खळगा पडला होता, डोकं ठेवल्यावर पडतो तसा. चादरीची छातीपाशी ओढलेली घडी वर येत होती... खाली जात होती. पंखा बंद होता. खिडकी बंद होती. मी बघतोय हे कळल्यासारखी ती घडी वर येऊन तिथेच थांबली.

माझा मलाच संताप आला. एका भामट्याच्या घरात, भर दुपारी, मी एका चादरीला घाबरावं? मी कचेरीत बोलतो तशा आवाजात म्हणालो, “बरं. तुझं नाव मी शोधून काढतो. सरकारी माणूस आहे मी.”

चादर अलगद खाली बसली. उशीचा खळगा भरून आला. आणि पुढचा श्वास माझ्या मागून आला, दाराकडून.

मिक्सरवाला गाडीत बसल्या बसल्या लहान मुलासारखा झोपला. कोठडीतही झोपला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीचा फोन आला. वास गेला होता, चादर कोरी होती. तिच्या आवाजात रडू होतं, सुटकेचं.

मी शोधलं. ठसे पाठवले, जुळले नाहीत. बेपत्ता माणसांची छायाचित्रं पाहिली. ज्या रस्त्यावर तो सापडला तिथले दुकानदार, रिक्षावाले, झाडूवाल्या, सगळ्यांना विचारलं. तिथे कुणीतरी बसायचा, एवढं अनेकांना आठवत होतं. नाव कुणी विचारलं नव्हतं. आणि नाव न विचारण्याचा हा हौद चालवायला यांच्यापैकी कुणाला काळा टी-शर्ट लागला नव्हता.

परवा दुपारी खालच्या कारकुनाचा फोन आला. “साहेब, एक जण भेटायला आलाय. नाव विचारलं तर म्हणतो, ते साहेबांकडे आहे.”

मी खाली गेलो. बाक रिकामा होता. कारकून बाकाकडेच बघत उभा होता.

“आत्ता होता इथं,” तो म्हणाला.

“कसा होता दिसायला?”

म्हातारा की तरुण, एवढंसुद्धा त्याला सांगता येईना.

बाकावर प्राणवायूचा मुखवटा पडला होता, प्लास्टिकचा, नळी तुटलेली. आतून वाफ धरलेली होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. वाफ हळूहळू विरली, प्लास्टिक स्वच्छ झालं.

मग पुन्हा वाफ धरली.