हाकाऱ्याचं बोलावणं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे खरं आहे. माझ्या मावशीच्या घरी घडलंय, आणि थापा मारायला तिला उभ्या आयुष्यात सवड मिळालेली नाही.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. गावाबाहेरच्या डेपोत एके काळी इंजिनांची रांग लागायची. मग मार्ग बंद पडला. रूळ भंगारात गेले, छपराचे पत्रे वाऱ्याने नेले. उरली ती क्वार्टर्सची चाळ, आणि तिच्यात राहती दोनच घरं. एक मावशीचं, आणि त्याला लागून शेवटचं, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनचं.

डेपो चालू असताना एक माणूस ड्यूटीचं बोलावणं घेऊन दारोदार फिरायचा. सगळे त्याला हाकाऱ्या म्हणत. काठीने दार ठोकायचा. आतून 'आलो' ऐकल्याशिवाय हलायचा नाही. कोणी आजारी असला, तर पुढचं दार.

तो मरूनही वर्षं लोटली होती.

काका अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर वळवून वळवून मावशीचे हात भरून यायचे. तरी तिचं मागणं एकच, माणूस डोळ्यांसमोर असू दे.

त्या दिवशी भर दुपारी तिचा जरा डोळा लागला होता...

ठक. ठक.

चाळीच्या पहिल्या दारावर. त्या घराला कुलूप होतं.

मग त्याच्या पुढच्या. तेही बंदच.

एरवी बाहेर कुत्री असतात, कावळे असतात. त्या दुपारी काही नाही... फक्त काठी.

मग तिच्या दारावर.

तिने फटीतून पाहिलं. अंगणात नुसतं ऊन. माणूस नाही... आणि दार हादरत होतं.

तिने मागे वळून पाहिलं. काका उठून बसले होते. कूससुद्धा बदलता येत नव्हती त्यांना! त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं...

मावशीने धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला.

"ते आजारी आहेत," ती दाराकडे बघून म्हणाली. "येणार नाहीत."

दार हादरायचं थांबलं.

मग पावलं... शेजारच्या दाराशी.

ठक. ठक.

भिंतीपलीकडून फायरमनचा झोपाळू आवाज आला, "आलो."

चहाच्या वेळी त्याची बायको रडत आली. सकाळीच मावशीला पाणी भरून देणारा धडधाकट माणूस, पायात बूट चढवून खाटेवर गार पडला होता. काही ऐकलंत का, असं तिने विचारलं. मावशी नाही म्हणाली.

काका अजून आहेत. दुखणं वाढलंय, कण्हणं थांबत नाही. त्या दुपारबद्दल ते एकदाच बोलले.

"गाडी माझी होती. मी किती दमलोय, तुला कळत नाही का गं?"

तेव्हापासून मावशी रोज दुपारी दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी बसते. पुन्हा आला तर अडवणार नाही म्हणते. पण कोणी येत नाही.

परवा मीही तिच्याजवळ बसले होते. आतून काकांचं कण्हणं येत होतं, बाहेर चाळ शांत होती. आम्ही दोघी कान देऊन होतो... तो यावा की न यावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.