उजव्या कानाच्या वर

उत्कर्षाच्या डोक्याचा घेर छप्पन्न सेंटिमीटर. भुवयांच्या वर एक बोट जागा सोडून, मागच्या उंचवट्यावरून फीत फिरवून मी तो तीनदा मोजला होता. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बाबा, डोकंच आहे ते, खडकवासल्याची पातळी नाही."

तिची मोटारसायकल दुसऱ्या दिवशी येणार होती. माझी अट एकच होती : हेल्मेट मी निवडणार. पदार्थ-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षे काढली आहेत आणि मला मुलगी एकच आहे.

नाना पेठेत मच्छिंद्रच्या दुकानात त्याने आमच्यासमोर खोक्याचे सील फोडले. हेल्मेट गालांवर किंचित दाबून बसले. मागून वर ढकलले तरी निसटले नाही.

"पाच मिनिटं घालून बस," मी म्हणालो. "कुठे टोचतं, ते तेव्हाच कळतं."

ती स्टुलावर मोबाइल पाहत बसली. काढल्यावर मी आतले कापडी अस्तर सोडवले.

"साहेब, त्यात डोकं घालायचं असतं," मच्छिंद्र म्हणाला. "बोटं नाही."

आतल्या थर्माकोलमध्ये, उजव्या कानाच्या वर, अंगठा बसेल एवढा खळगा होता. हा थर आघात शोषताना दबतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. खळगा ही आघाताची नोंद असते. नुसते डोके घातल्याने तो पडत नाही. मी खिशातला व्हर्नियर काढला. खोली चार मिलिमीटर.

"माल कुठेतरी आपटलेला आहे."

"सील तुमच्यासमोर फोडलं ना, साहेब?"

दुसरे हेल्मेट दुसऱ्या कंपनीचे. या वेळी अस्तर आधी काढून पाहिले. थर्माकोल गुळगुळीत होता. उत्कर्षाने ते पाच मिनिटे घातले. तीच जागा. सात मिलिमीटर.

तिसरे मी आधी स्वतः घातले. पाच मिनिटे. काहीही नाही. मग तिने घातले.

अकरा.

मच्छिंद्रचे टोमणे थांबले. त्याने तिन्ही हेल्मेटे भिंतीकडे तोंड करून मांडली.

"ताई, गाडी कधी येतेय?"

"उद्या."

त्याने तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. "साहेब, नका आणू."

शकुन-अपशकुन मी मानत नाही. तीन निरीक्षणांवरून आणि एका पडताळणीवरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय आहे. तरीही दुकानाच्या पायरीवरूनच मी शोरूमला फोन केला आणि गाडी रद्द केली. रिक्षा स्वारगेटपर्यंत आली तेव्हा उत्कर्षा एकच वाक्य बोलली.

"तुझ्या विज्ञानाला काय झालं, बाबा?"

सकाळी सव्वाआठला मी माळ्यावरून तिचे स्केटिंगचे हेल्मेट काढले. ती नऊ वर्षांची असतानाचे. खळग्याचा संबंध मोटारसायकलशी असेल, तर यात तो पडायला नको. आतून तपासले. कुठेही खळगा नव्हता.

ती बूट घालत होती.

"दोनच मिनिटं डोक्यावर ठेव."

"बस झालं हं आता."

पण तिने ते ठेवले. टोपलीसारखे वरच बसले. कड आणि कान यांच्यामध्ये चार बोटांचे अंतर होते. मी घड्याळ पाहिले. दोन मिनिटांनी तिने ते माझ्या हातात दिले आणि बॅग खांद्याला लावली.

"गाडी नाही, हेल्मेट नाही. बसस्टॉपपर्यंत पायी जातेय. आता खूश?"

लिफ्टचे दार बंद झाले.

मी हेल्मेट उलटे केले.

उजवी बाजू. तिचे डोके जिथे पोहोचलेच नव्हते, तिथे.

व्हर्नियरची पट्टी आत सोडली. ती जात राहिली. मग टोक बाहेरच्या प्लॅस्टिकला टेकले.

खोली सोळा मिलिमीटर. थराची जाडी सोळा. शिल्लक शून्य.

खाली फाटकाची कडी वाजली.