तळ्याच्या कोपऱ्यातला ढीग

मी थकलोय, हे आधीच सांगून टाकतो. मी डुबक्या, पाणी तपासणारा यंत्रमानव. चौदा वर्षं रोज सकाळी करंजटोल्याच्या तळ्यात उतरायचं, तळ गाठायचा, आकडा घेऊन वर यायचं. मला गुडघे नाहीत म्हणून बरं, नाहीतर कधीच कामातून गेले असते.

त्या सोमवारी आकडा आला एकतीस. लिटरभर पाण्यात एकतीस मायक्रोग्रॅम (ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक) आर्सेनिक. या विषाला ना रंग, ना वास. पिण्याच्या पाण्यात ते दहाच्या वर चालत नाही. दोन वर्षांपूर्वी एका खोल बोअरचं पाणी तळ्यात सोडलं, त्यातून ते आलं. बोअर बंद केली, तळ्यात पाणगवत लावलं, वाढलं तसं कापलं आणि आकडा हळूहळू आठवर उतरला. आता नवं विष कुठूनच येत नव्हतं, तरी आकडा वर! शुक्रवारी शेवटची तपासणी होती. दहाच्या वर गेलं की तळ्याला कायमचं कुंपण, मासेमारी बंद.

मासेमार बायकांच्या गटाच्या प्रमुख हिरकन्याबाई मारबते. त्यांची दहा वर्षांची मुलगी प्रणोती काठावर माझ्या शेजारी येऊन बसली. गवत विष कसं खातं, असं तिने विचारलं. शंभराव्यांदा सांगायचा कंटाळा आला होता, पण सांगितलं. पाण्याखालचं गवत मुळांनी खातं तसं पानांनीही खातं. त्याला फॉस्फेट (रोपांच्या वाढीचं एक खाद्य) हवं असतं. पाण्यातल्या आर्सेनिकची ठेवण जवळजवळ तशीच, त्यामुळे गवत फसतं आणि त्यालाही आत घेतं. थोडं परत बाहेर टाकतं, बरंचसं साठवतं. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे (ज्याची फोड करून आणखी साधे पदार्थ मिळत नाहीत असं द्रव्य). ते संपत नाही, नुसती जागा बदलतं.

प्रणोतीने पाण्यातलं गवत निरखलं. मग म्हणाली, "डुबक्या, कापलेलं गवत कुठे गेलं?"

मी नोंदवहीत 'गवत कापलं' एवढंच लिहून मोकळा झालो होतो. चूक माझीही होती. इथल्या बायका कापलेलं गवत फेकत नाहीत. दगड बांधून ते उथळ कोपऱ्यात बुडवतात, म्हणजे माशांच्या पिल्लांना आडोसा होतो. पिल्लं बुजतील म्हणून हिरकन्याबाईंनी मला तिकडे फिरकू दिलं नव्हतं.

आता गेलो. आकडा दोनशे चाळीस! मेलेलं गवत कुजत होतं आणि पोटात साठवलेलं सगळं पाण्याला परत देत होतं. कुजताना ते पाण्यातला प्राणवायूही संपवतं. मग तळाचा गाळसुद्धा धरून ठेवलेलं आर्सेनिक सोडू लागतो.

आईला तू सांग, म्हणून प्रणोती मागे लागली. आकडा मी सांगेन, ढिगाचं तू सांग, असं मी म्हणालो. रडत रडत तिने सांगितलं. हिरकन्याबाईंचा चेहराच उतरला. तो ढीग त्यांनी स्वतः बांधला होता. त्या तशाच पाण्यात उतरल्या. पाठोपाठ सगळा गट उतरला. तीन दिवस उपसून गवत बाहेर काढलं. ते गुरांना घातलं नाही, खतात टाकलं नाही, झाकणाच्या सिमेंटच्या टाकीत बंद केलं.

शुक्रवारी तपासणीचे साहेब आले. आकडा चौदा. प्रणोती माझ्याकडे टक लावून बघत होती, मी नऊ म्हणावं म्हणून. फार वाईट वाटलं मला. मी चौदा म्हणालो.

साहेबांनी कागद काढला, तेव्हा हिरकन्याबाई पुढे झाल्या. "कुंपण आम्हीच घालतो साहेब, एक वर्ष. गवत आम्हीच लावू, मरायच्या आत आम्हीच कापू, अन् तळ्याबाहेर नेऊ. वर्षानं या मोजायला."

वर्षभर मासे नाहीत म्हणजे घरात काय होईल, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. साहेबांनी विचार करून 'कायमचं' खोडलं, 'एक वर्ष' लिहिलं.

आकडा कधी उतरेल, असं प्रणोतीने विचारलं. नक्की माहीत नाही, असं मी खरंखरं सांगितलं. तिने गवताची नवी रोपं मुठीत घेतली आणि ती पाण्यात शिरली. अंगात त्राण नव्हतं, पण मीही उतरलो. खोल पाण्यात तिचा हात तळापर्यंत पुरत नव्हता.