चुंबकावरची पट्टी

कंदील जरा बारीक करा रं, आन् मधी बोलू नका. ही आमच्या गोमटेश मास्तरांची गोष्ट हाय. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, बनवून सांगून मला काय मिळणार हाय?

शाहू महाराजांचं राज्य. साल एकोणीसशे अकरा, कार्तिकातली अवस. शिवाजी पेठेतल्या लोहाराकडनं लोखंडाचा बारीक कीस पुडीत बांधून घेऊन मास्तर शाळेकडं निघालते. सकाळी इन्स्पेक्टर येणार व्हते. चुंबकावर कागद ठेवायचा, वर कीस पेरायचा, टिचकी मारायची, की चुंबकाच्या बळाच्या रेघा पोरांना डोळ्यांनी दिसतात. एवढा धडा जमला तर नोकरी कायम, न्हाय तर घरी.

पर जीव थाऱ्यावर न्हवता. नालासारखा तो चुंबक साऱ्या शाळेत एकच. काम झालं की त्याच्या दोन्ही टोकांवर लोखंडाची पट्टी बसवावी लागती, न्हाय तर बळ झिजतं. शाळेतली पट्टी कोपऱ्याला खाच पडलेली, आन् ती हुसेन मास्तर, म्हणजे गोमटेशचे गुरू, कुणाच्या हाती द्यायचे न्हाईत. पिलेगाच्या साथीत ते गेले तवा पट्टी त्यांच्या मुठीत व्हती. मूठ काय केल्या उघडंना. तशीच पुरली. नवी पट्टी करून आणायची, तर आज आणू, उद्या आणू करत गोमटेश मास्तरांनी वर्ष घालवलं. आळस, दुसरं काय!

रातीच्या नवाचे टोल पडले तवा ते कंदील घेऊन वर्गात शिरले. कागद ठेवला, कीस पेरला, टिचकी मारली. रेघ उमटली न्हाय. परत मारली. न्हाय. चुंबकात जीवच उरला न्हवता. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चुकलं माझं, मास्तर," ते रिकाम्या वर्गात म्हणाले.

कागदाखालनं चुंबक काढून त्यांनी दोन्ही हातांत धरला.

आन् कागदावर... टिक.

जवळ कोण न्हाय.

टिक... टिक...

हलकी टिचकी. हुसेन मास्तर मारायचे तशी.

कीस उठला. उभा राहिला. रेघा वळल्या... या टोकापासनं त्या टोकापतोर.

कागदाखाली काय बी न्हवतं.

चुंबक हातातनं गळाला. दाराला कसंबसं कुलूप अडकवून मास्तर जे पळाले, ते घरात शिरूनच थांबले.

सकाळी केरबा शिपायाला पुढं घालून आले. चुंबक टेबलावर, आन् त्याच्या टोकांवर पट्टी बसलेली. कोपऱ्याला खाच. केरबाला विचारलं, तर तो म्हणाला, आत्ताच कुलूप काढलं की, आत कोण येणार? मास्तरांनी पट्टी ओढली, तर निघंना, एवढं बळ. कशीबशी काढून खिशात टाकली आन् धडा घेतला. रेघा बघाया इन्स्पेक्टर खुर्चीतनं उठून आले. नोकरी कायम झाली.

दुपारी मास्तर कबरस्तानात गेले. हुसेन मास्तरांच्या कबरीवरचं गवत जसंच्या तसं व्हतं, कुणी हात लावलेला न्हवता. मास्तर तिथंच खाली बसले, आन् खिशातनं पट्टी काढून उन्हात धरली.

खाचंत माती व्हती. अजून ओली.