कापसाच्या खोलीतला जुना कॅमेरा

हसायचं तर हसा. पण हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तो कॅमेरा आजही माझ्या कपाटात आहे.

बोंडअळीच्या सालची भोगी. कळंबजवळ मावशीचं खेडं. दिवेलागण नुकतीच झालेली.

अळीतून वाचलेला कापूस, भाव येईल म्हणून, घरातल्या खोलीत छातीभर उंच रचला होता. मावशीचे यजमान सदाशिवकाका राखणीला त्या ढिगावरच निजायचे. कॅमेराही त्यांनीच लावलेला.

दिवाळीत काका गेले.

आणि ढीग खचू लागला...

हंसामावशीचा संशय सालदार गड्यावर, गोविंदावर. "कापसाले का पाय फुटले? फुटले असतीन तं गोविंदाचेच."

संक्रांत झाली की त्याला काढायचं ठरलं होतं.

मी यवतमाळात इंटरनेट जोडणीची कामं करतो, म्हणून चोर दिसावा असा कॅमेरा लावायला मावशीनं मलाच बोलावलं. तिला समजावलं, इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते, आयपी, संपत आलेत. अख्खं गाव एकाच पत्त्यावर चालतं, म्हणून गावाबाहेरून मोबाईलवर कॅमेरा दिसत नाही. नव्या पद्धतीत घरातल्या प्रत्येक यंत्राला आपला पत्ता.

काकांच्या कॅमेऱ्याला ती पद्धत कळेना. मी तो उतरवला, पिशवीत टाकला. नवा राउटर, नवा कॅमेरा लावला. पुढची तयारी म्हणून घरातले जुने पत्ते बंद केले.

मोबाईलवर नवं चित्र आलं. ढीग. कोणी नाही.

सहज जुन्या कॅमेऱ्याचं ॲप उघडलं...

तिथंही ढीग दिसला.

कॅमेरा माझ्या मांडीवर, पिशवीत होता.

ढिगाच्या माथ्यावर खड्डा होता. कोणी कुशीवर निजावं तसा... हळूहळू खोल जाणारा.

गोविंदा माझ्यासमोर चहा पीत होता.

तरी वाटलं, यानंच कोणाकडून काही करवलं असेल. त्याला म्हटलं, जा, ढिगावर हात ठेव.

नव्या चित्रात त्याचा हात कापसावर टेकला.

जुन्या चित्रात तोच हात... खड्ड्याच्या वर, अधांतरी थांबला.

तो परत आला. उरलेला चहा बाजूला सारला. "गरम लागून राह्यलं, भाऊ. निजल्या माणसाच्या पाठीवानी."

मावशी उठली. मग खोलीच्या दारात गेली. पदर सावरला.

"उठा न जी आता. गोविंदा राखते कापूस."

जुन्या चित्रात खड्डा भरत आला... मग चित्रच गेलं.

कापूस पुढं विकला. गोविंदा अजून तिथंच सालदार आहे.

मी मात्र हल्ली संध्याकाळी यवतमाळच्या घराचं कुलूप उघडून आत येतो, तेव्हा सकाळी झटकलेल्या गादीवर मधोमध खड्डा असतो.

हात लावून पाहिला नाही.

मावशीनं काकांना उठवलं खरं. पण जायचं कुठं, ते कोणीच सांगितलं नाही...